गॅरेजमधलं दारूकाम

आमच्या घरात रविवारी सकाळी दोन वास एकमेकांत मिसळायचे. एक स्वयंपाकघरातला, मोहरी-लसणाच्या फोडणीचा. दुसरा गॅरेजमधून येणारा, रिव्हॉल्व्हर पुसायच्या सॉल्व्हंटचा, आणि तो थेट पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा असायचा. आई पोह्यांवरची तर्री ढवळता ढवळता नाक मुरडायची, “अहो, दार लावा ते! पोह्यांना शिकरणीचा वास लागतोय.” बाबांचे दोन्ही हात तेलाचे असायचे, म्हणून ते पायानं दार ढकलायचे आणि ते कधीच पुरतं लागायचं नाही. त्या फटीतून मग आवाज येत राहायचे. टक, टक, टक, टक. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानं मागे ओढला की असे चार आवाज येतात. बाबा रिकामं रिव्हॉल्व्हर कानाशी धरून ते ऐकायचे आणि “तिसरा जरा आळशी आहे,” असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटायचे. बाकीच्या मुलींचे वडील रविवारी फुटबॉलची मॅच पाहायचे. माझे वडील पोलाद ऐकायचे.

आजचं टेक्ससमधलं फ्रिस्को पाहिलेल्या माणसाला तेव्हाचं फ्रिस्को सांगून पटायचं नाही. आता तिथे कोपऱ्या-कोपऱ्यावर इंडियन ग्रोसरी आहे, गणपतीला ढोलपथक असतं, आणि रविवारी मराठी शाळेसमोर पार्किंग मिळत नाही. आम्ही राहायला गेलो तेव्हा सगळीकडे शेतं होती, रुळांच्या कडेला धान्याची उंच कोठारं होती आणि डोळ्यांत जाणारी धूळ होती. मी सहा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून आलो. बाबा तिकडे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, इकडे तेलविहिरींच्या पंपांचे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागले. आई डॅलसमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत टेक्निशियन होती. ज्वारी मिळायची नाही म्हणून आई मक्याच्या पिठाची भाकरी थापायची, ठेच्याला हालापिन्यो मिरच्या घ्यायची, आणि शेंगदाण्याऐवजी अक्रोडासारख्या पिकनची चिक्की करायची. ही पिकन शेजारच्या मिस्टर डेलच्या झाडांची असत.

टेक्ससमध्ये मुलं मोठ्या माणसाला पहिल्या नावानं हाक मारतात, पण आधी मिस्टर लावून. त्यामुळे ते माझे मिस्टर डेल. आई मात्र त्यांच्यामागे त्यांना ‘डेल भावोजी’च म्हणायची. सत्तरीचे, उंच, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे अजूनही कुठल्याही मुलाशी बोलताना आधी आरशात पाहतायत असं वाटायचं. एकदा पिकनची पिशवी द्यायला ते आले तेव्हा बाबा गॅरेजमध्ये आईच्या मिक्सरचा झिजलेला कपलर नव्यानं घडवत होते. मिस्टर डेल दहा मिनिटं नुसते पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी आपल्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणलं. चव्वेचाळीस बोअरचं, म्हणजे नळीच्या तोंडात माझी करंगळी जवळजवळ आत जावी एवढं मोठं. निळा रंग जाऊन राखाडी झालेलं, अक्रोडी मुठीचा एक टवका उडालेला. घोडा ओढला की सिलिंडर फिरायचं, पण बरोबर जागेवर येऊन अडकायचं नाही. त्यामुळे ते उडवणं धोक्याचं होतं आणि ते वीस वर्षं कपाटात पडून होतं.

सिलिंडर फिरवणारा एक छोटा पोलादी आकडा आत असतो, तो झिजला होता. बाबांनी तीन दिवस खपून कानशीनं नवा घडवला. मग मिस्टर डेलच्या हातात देऊन म्हणाले, “ट्राय नाऊ, सर.” मिस्टर डेलनी घोडा ओढला. चार आवाज आले आणि सिलिंडर पेटीला कडी लागावी तसं बसलं. मिस्टर डेलनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, “शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर चला. ज्यानं बरं केलं त्यानंच पहिली गोळी मारायची.”

त्या शनिवारी बाबा घरी आले ते पंचवीस वर्षांनी लहान होऊन. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. “कुंदा, तो धक्का नाही गं, कोणीतरी तळहात धरून मोठ्ठं शेकहॅण्ड करतंय असं वाटतं! आणि आवाज पण कडकड नाही. ढुम्म. पोटात वाजतो.” आईनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, “हात साबणानं दोनदा धुवा. शिसं असतं त्यात. आणि तो शर्ट वेगळा टाका.”

बाबांना त्यात काय दिसत होतं, हे मला कळायला पुष्कळ वर्षं लागली. त्यांनी आयुष्यात चिमणीसुद्धा मारली नाही. शिकारीला चला म्हणणाऱ्यांना ते हात जोडायचे. पण ही जुनी, मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हरं कोणीतरी टेबलाशी बसून, एकेक भाग घासून, दुसऱ्या भागाला जमवून घेत बनवलेली होती, आणि त्या अनोळखी कारागिराचा हात बाबांना ओळखू यायचा. “हा डावखुरा होता पाहा,” ते म्हणायचे, “कानशीचे ओरखडे उलटे गेलेत.” चकचकीत, डब्यातून न काढलेल्या बंदुकांकडे ते ढुंकून पाहायचे नाहीत. त्यांना लागायची ती आजारी, गंजकी, कोणाच्या तरी कपाटात विसरलेली. काही वर्षांत अशी सात जमली. आमच्याकडे डॅलसहून जेवायला येणाऱ्या मराठी मंडळींत याची फार चर्चा व्हायची. एकदा गोखले काकूंनी फोन केला आणि बाबा कुठेत विचारलं, तर मी निरागसपणे सांगितलं, “गॅरेजमध्ये दारू भरतायत.” काकू एवढ्या दचकल्या की त्यांनी आईला तिच्या कामावर फोन केला. काडतुसात भरायच्या दारूचा आणि पिण्याच्या दारूचा घोटाळा त्या दिवशी मिटला, पण ‘दारूकाम’ हे नाव आमच्या गॅरेजला कायमचं चिकटलं.

आईचा विरोध मात्र चेष्टेचा नव्हता. पहिलं रिव्हॉल्व्हर घरात आणायचं ठरलं तेव्हा ती आवाज न चढवता म्हणाली, “शनिवारी रात्रीच्या शिफ्टला माझ्याकडे गोळी लागलेल्या माणसांसाठी रक्त मागायला येतात. मी पिशव्या काढून देते. कधी आठ, कधी बारा. कधी त्या पोहोचायच्या आत वरून फोन येतो की आता नको. तुमचा छंद मला कळतो, पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतं, त्याला मी काय करू?” शेवटी आईनंच तोड काढली. गॅरेजमध्ये भिंतीला बोल्ट मारून पोलादी कपाट बसवायचं आणि त्याची किल्ली आईकडे राहायची. बाबांना रिव्हॉल्व्हर हवं असेल तेव्हा तिच्याकडे किल्ली मागायची. बाबांनी हे एका शब्दानं न भांडता मान्य केलं. दर शनिवारी ते हात पुढे करायचे, आई कमरेची किल्ली काढून द्यायची, आणि स्वतः रेंजवर कधीच यायची नाही. गॅरेजमध्येसुद्धा ती पाऊल टाकायची नाही. कपड्यांचं मशीन तिथेच होतं, म्हणून कपडे धुणं बाबांकडे आलं.

मी यात शिरले चौदाव्या वर्षी. शाळेत मी अनघाची ‘ॲना’ झाले होते, घरी अनू होते, आणि दोन्हीकडे मला काही धड जमतंय असं वाटत नव्हतं. बास्केटबॉलच्या टीममधून काढलं गेल्याच्या आठवड्यात बाबा म्हणाले, “येतेस का माझ्यासोबत? नुसती बस तिथे.” नुसती बसले ते दोनच शनिवार. मग मिस्टर डेलनी माझ्या कानांवर हेडफोनसारखी मफ बसवली, डोळ्यांवर चष्मा दिला, आणि आधी महिनाभर रिकाम्या रिव्हॉल्व्हरवरच शिकवलं. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी माणसाकडे कधीच नाही. निशाणावर डोळा लागेपर्यंत बोट चापाबाहेर. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढची गोळी मारायचीच नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असली तरी पाचच काडतुसं भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. हे सगळं ते इतक्या वेळा म्हणायचे की मला झोपेतही पाठ होतं. पहिली खरी गोळी मारली तेव्हा नळी आकाशाकडे उचलली गेली, मी डोळे उघडले, आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदात भोक दिसलं. मधोमध नव्हतं. पण होतं, आणि ते मी पाडलेलं होतं. आता साठी उलटल्यावरही मला शाळेतल्या एकाही मार्काचा आनंद आठवत नाही, पण ते भोक कागदाच्या कुठल्या कोपऱ्यात होतं ते आठवतं.

या मोठ्या बोअरची जुनी काडतुसं दुकानात सहज मिळायची नाहीत. ती घरीच भरावी लागत, आणि हे काम हळूहळू माझ्याकडे आलं. उडवलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून धुवायच्या, त्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मग मापानं दारू ओतायची, आणि वरून शिशाची गोळी दाबून बसवायची. टेबलाला जोडलेल्या दाबयंत्राचा दांडा खाली ओढला की खट्ट असा आवाज यायचा. मला तो आवडायचा. शाळेतून आल्यावर गृहपाठ करायच्या आधी मी वीस-पंचवीस काडतुसं भरायचे. बाबा आले की एखादं उचलून उजेडात फिरवायचे आणि म्हणायचे, “वा, टूलरूमला घेतील तुला.” त्या वयात मला त्याहून मोठं सर्टिफिकेट नको होतं.

त्या वर्षी शरद ऋतूत रेंजच्या क्लबची जुन्या रिव्हॉल्व्हरांची मॅच होती. मॅच म्हणजे तशी जत्राच. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा, आणि फक्त जुनी, मोठ्या बोअरचीच रिव्हॉल्व्हरं चालवायची. मिस्टर डेल पूर्वी तिथे दरवर्षी आजोबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन जायचे. आता ते पुन्हा चालू झालं होतं, पण त्यांचे हात थरथरायला लागले होते. एक दिवस ते आमच्या ओट्यावर आले आणि बाबांना म्हणाले, “विनायक, यंदा माझ्यासाठी तू मार.” ते ‘विनॅक’ असं म्हणायचे. बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “अनू, काडतुसं तू भरायची.”

गुरुवारी दुपारी मी भरायला बसले. पन्नास पुंगळ्या लाकडी फळीच्या भोकांत रांगेनं उभ्या केल्या आणि दारू ओतायला लागले. तीन रांगा झाल्या असतील नसतील, तेवढ्यात घरात फोन वाजला. जेनिफरचा होता. शनिवारी तिच्या वाढदिवसाला तिनं मला बोलावलं होतं, आणि मला शाळेतल्या कोणी असं बोलवायची ती पहिलीच वेळ होती. आम्ही अर्धा तास बोललो. काय घालायचं, कोण कोण येणार, कोणाला बोलावलेलं नाही. परत आले तेव्हा माझं डोकं पुरतं त्या वाढदिवसात होतं. मी बसले, कुठवर आले होते ते न पाहता दारू ओतत पुढे गेले, आणि मग एकेक गोळी वर ठेवून दांडा ओढत राहिले. खट्ट, खट्ट, खट्ट. मी गुणगुणत होते, हेही मला आठवतं.

मॅचच्या सकाळी आईनं किल्ली दिली आणि डबाही. तिखटामिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, चिक्कीचा मोठा डबा. रेंजवर ढगाळ होतं, थंडी सुरू झाली होती. बाबा, मिस्टर डेल आणि मी तिसऱ्या टेबलाशी होतो. पहिल्या दोन फेऱ्यांत बाबा इतके छान खेळले की आजूबाजूचे लोक आमच्या टेबलाकडे सरकू लागले. तिसरी फेरी घाईची होती. ठरलेल्या सेकंदांत पाच गोळ्या. रेंज ऑफिसरनं शिट्टी मारली आणि दहा-बारा टेबलांवरून एकदम भडिमार सुरू झाला.

मी बाबांच्या उजव्या खांद्यामागे उभी होते. पहिली गोळी गेली, ढुम्म, हात वर उचलला, खाली आला. दुसरी, तशीच. तिसऱ्याला त्यांनी चाप ओढला, आणि हात उचललाच नाही. नळीतून ज्वाळ आली नाही. त्याच क्षणी शेजारच्याची गोळी उडाली, त्यामुळे आवाज त्यातच बुडून गेला. पण मला माझ्या मफच्या आतून काहीतरी ‘फट्’ असं बारीक, बाटलीचं बूच निघाल्यासारखं ऐकू आलं होतं. बाबांना वाटलं, काडतूस पेटलंच नाही, पुढचं मारू. त्यांचा अंगठा घोड्यावर गेला. घोडा मागे आला.

“बाबा, थांबा! थांबा!” मी किंचाळले. नुसतं मराठीत. इंग्रजी त्या वेळी डोक्यातून पार गेलं होतं.

बाबांनी बोट चापावरून काढलं. नळी समोरच धरून ते दगडासारखे उभे राहिले. मिस्टर डेलना मराठी कळत नव्हतं, पण माझा आवाज कळला. त्यांनी हात वर करून “सीझ फायर!” असा आवाज दिला, आणि सगळी रेंज गप्प झाली. बाबांनी घोडा हलकेच खाली बसवला, एकेक करून काडतुसं काढली, आणि रिकामं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. रेंज ऑफिसरनं समोरून नळीत पितळी सळई घातली. ती अर्ध्यावर अडली.

गोळी नळीत अडकली होती. त्या पुंगळीत दारू नव्हतीच. बुडाच्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत चार बोटं गेली आणि तिथेच थांबली. बाबांनी चौथी मारली असती तर ती भरधाव येऊन तिच्यावर आदळली असती आणि नळी फुटली असती. बाबांच्या हातात, चेहऱ्यासमोर. मिस्टर डेल तिथून दोन फुटांवर होते. रेंज ऑफिसरनं हातोडीनं टिचक्या मारत सळई ढकलली आणि शिशाचा तो गोळा बाहेर पडला. तो माझ्या बोटांनी मीच बसवलेला होता. बाबांनी ऑफिसरला लगेच सांगितलं, “माय मिस्टेक, सर. माय लोडिंग.” आणि ते मॅचमधून बाहेर पडले. ऑफिसर म्हणाले, “तुमच्या मुलीचे आभार माना.” आजूबाजूच्या दोन-चार माणसांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या थापा मला सहन होईनात. आम्ही ट्रकपाशी आलो, मिस्टर डेलनी मागची फळी पाडून आईचा डबा उघडला, एक पुरी उचलली. मी म्हणाले, “मिस्टर डेल, ते बाबांनी नाही भरलं. मी भरलं. मी फोनवर बोलत होते.” मिस्टर डेलनी पुरी खाली ठेवली. मग ते म्हणाले, “मी तीस वर्षं पोरं घेऊन बस चालवली, ॲना. रोज संध्याकाळी बस रिकामी झाली की मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन पाहायचो, कोणी झोपलेलं राहिलंय का. एकदा नाही पाहिलं. एक पोरगी दीड तास डेपोत एकटी रडत बसली. ती तुझ्याहून लहान होती.” त्यांनी पुरी परत उचलली. “तू आज ओरडलीस. मी त्या दिवशी ओरडायलासुद्धा तिथे नव्हतो.”

घरी येताना बाबा म्हणाले, “आईला आजच सांगायला पाहिजे असं नाही, अनू. मी पाहतो कसं सांगायचं ते.” मला कळत होतं, ते मला वाचवत होते आणि स्वतःच्या सात रिव्हॉल्व्हरांनाही. हे कळलं तर आई किल्ली परत देणार नाही याची मला खात्री होती. जेनिफरच्या वाढदिवसाला निघायला तासभर होता. आई टेबलाशी मेथी निवडत होती. तिनं विचारलं, “काय, जिंकलात का?” आणि मी सगळं सांगून टाकलं. फोन, रांगा, तो ‘फट्’ आवाज, बाबांचा अंगठा. बाबा दारातच उभे होते.

आईनं मेथीची जुडी बाजूला सारली. बराच वेळ ती बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, जसं काही तो आहे तिथे आहे ना हे तपासत होती. मग उठली, चपला घातल्या, आणि म्हणाली, “दाखव मला.”

“काय?”

“कसं भरतेस ते. उरलेली कुठेत?”

बंदुका घरात आल्यापासून आई पहिल्यांदा गॅरेजमध्ये आली. दाबयंत्रासमोरच्या स्टुलावर बसली. मी एका रिकाम्या पुंगळीवर तिला सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. मी थांबल्यावर ती म्हणाली, “आणि पाहतं कोण?”

“म्हणजे?”

“तू भरलंस. बरोबर भरलंस हे दुसरं कोण पाहतं?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे.

“आमच्याकडे एकटीच्या सहीवर रक्ताची पिशवी बाहेर जात नाही,” आई म्हणाली. “कितीही घाई असू दे. मी गट वाचते, दुसरी मोठ्यानं वाचते, मग दोघींच्या सह्या.” तिनं समोरची रिकामी पुंगळी उचलली. “पहिल्या वर्षी मी एका पिशवीला चुकीची चिठ्ठी लावली होती. अनूला ताप होता, मी घरी फोन करून आले होते, आणि लावली. दुसरीनं वाचली म्हणून कळलं. तो माणूस वाचला. मी दोन रात्री जेवले नाही, आणि अहो, तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, नोकरी सोड.”

बाबा म्हणाले, “नसतो म्हणालो.”

“आता माहीत झालं,” आई म्हणाली.

त्या दुपारी आम्ही तिघांनी उरलेली सगळी काडतुसं फोडली. एका हातोडीसारख्या साधनात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटी होते. बाबा आपटायचे, मी दारू एका डब्यात ओतायचे, आणि आई प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून पाहायची. आणखी दोन बिनदारूच्या निघाल्या. प्रत्येक वेळी आईनं ती पुंगळी बाजूला एका वाटीत ठेवली. मी वाढदिवसाला गेले नाही. फोन करून जेनिफरला सांगितलं की घरी काम आहे. ती म्हणाली, “नेक्स्ट इयर, देन?” आणि पुढच्या वर्षी तिनं खरंच बोलावलं.

किल्ली आईनं काढून घेतली नाही. त्याऐवजी तिनं नियम घातले. दारू ओतताना गॅरेजचं दार बंद आणि फोन नाही. मध्ये उठावं लागलं तर सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून. आणि गोळ्या बसवायच्या आधी फळीवरच्या पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत दुसऱ्या माणसानं टॉर्च मारून मोठ्यानं ‘आहे, आहे, आहे’ म्हणायचं. तो दुसरा माणूस बहुतेक वेळा आईच असायची. शिफ्टहून आलेली, अजून हॉस्पिटलच्याच कपड्यांत. मी पुढे आयुष्यभर विमानांच्या इंजिनांची तपासणी केली, आणि माझ्या हाताखालच्या मुलांना वाटायचं मी फार कटकटी आहे. परवा आमच्या रेंजवर पुण्याहून आलेला एक सॉफ्टवेअरवाला मुलगा हौसेनं काडतुसं भरायला शिकत होता. मी त्याला पन्नास वेळा ‘आहे’ म्हणायला लावलं. “मावशी, यार, हे थोडं टू मच नाही का?” म्हणाला. मी म्हटलं, म्हण.

पुढच्या वसंतात, निळ्या रानफुलांनी रस्त्याच्या कडा भरल्या होत्या तेव्हा, क्लबची छोटी मॅच झाली. या वेळी मिस्टर डेलनी आजोबांचं रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे ठेवलं. आणि त्या सकाळी आईनं बाबांना किल्ली दिली नाही. तिनं स्वतःच कपाट उघडलं, दार लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. रेंजवर ती माझ्या मागच्या बाकावर बसली. कानांवर मफ, मांडीवर पुऱ्यांचा डबा. मी पहिल्या फेरीच्या पाच गोळ्या मारल्या. प्रत्येक गोळीनंतर तिचा आवाज मला पुसट ऐकू येत होता, “एक. दोन. तीन.” ती निशाण पाहत नव्हती. आवाज मोजत होती.

पाच झाल्या. मी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, ऑफिसरला दाखवलं, टेबलावर ठेवलं. सगळ्या फेऱ्या संपल्यावर माझा नंबर आठवा आला, सोळा जणांत. मिस्टर डेल जणू मी पहिली आलेय अशा थाटात लोकांना माझी ओळख करून देत होते. तेवढ्यात आई उठून टेबलापाशी आली.

“रिकामं आहे ना? दाखव आधी.”

मी बाजूचं झाकण उघडून सिलिंडर एकेक घर फिरवून दाखवलं. सहाही. तिनं प्रत्येक घरातून उजेड पाहिला. मग पदराला हात पुसून तिनं ते रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उचललं, नळी निशाणांच्या बाजूला ठेवून, जशी मी ठेवत होते तशी. आयुष्यात पहिल्यांदा.

“केवढं जड आहे गं,” ती म्हणाली.

मिस्टर डेलनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी इंग्रजीत सांगितलं, “शी सेज, इट्स हेवी.”

“यस, मॅम,” मिस्टर डेल टोपीला हात लावून म्हणाले. “इट ऑट टु बी.”

आईनं मान हलवली. “बरोबर आहे,” ती म्हणाली, “असायलाच पाहिजे.” आणि ते रिव्हॉल्व्हर तिनं तसंच, दोन्ही हातांनी, माझ्या हातात दिलं.